अर्धी गोळी

मी अंबरनाथची. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कामाला होते. छप्पन साली, लग्नाच्या आधी, त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात ना अंगारा आला ना गंडादोरा. आम्हा भावंडांपैकी कुणी आजारी पडलं की ते पहिला प्रश्न विचारायचे, कशामुळे झालं? कारण कळलं की दुखण्याची भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. मी नर्सिंगला गेले ती बहुधा ह्या एका प्रश्नामुळेच.

शिकून झाल्यावर मला बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावरचं एक उपकेंद्र मिळालं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि मी. बेलवलीत भाड्याने खोली घेऊन राहत होते. सकाळच्या एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं आणि मग पायी, आज ह्या पाड्यावर तर उद्या त्या. लसी, बाळंतपणं, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस आणा म्हणून वरून चाललेला तगादा, ह्यातच दिवस संपायचा. फेफरं येणारी माणसं मला दिसत होती. कुणाचा हात चुलीत भाजलेला, कुणाचे पुढचे दात पडलेले. पण माझ्या कुठल्याच रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकाना नसला की सरकारी माणसाची नजर आपोआप पुढे सरकते. माझीही सरकत होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मुंबईहून एक डॉक्टरबाई आल्या. मेंदूच्या आजारांच्या तज्ज्ञ, पन्नाशीच्या, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाड्यावर डॉक्टर काही येत नाही. पण पाड्यावरच्याच बाईला आठ-दहा गोष्टी नीट शिकवल्या, तर फेफऱ्याचे बहुतेक रुग्ण ती सांभाळू शकेल. लकवा कसा ओळखायचा, तापात मुलाला झटका आला तर काय करायचं, हेही तिला येईल. गोळ्या पुरवायचं एका संस्थेने कबूल केलं होतं. त्यांना हाताशी एक स्थानिक सिस्टर हवी होती, ती मी.

पहिला वर्ग आरोग्य केंद्राच्या ओसरीवर भरला. आसपासच्या पाड्यांवरच्या नऊ आरोग्यसेविका आल्या होत्या. डॉक्टरबाईंनी भिंतीवर मेंदूचं मोठं रंगीत चित्र लावलं आणि बोलायला सुरुवात केली.  मग एकीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, हे आतडं कुणाचं? मी डॉक्टरबाईंना ते सांगितलं. त्या थोड्या हसल्या, पण त्यांचा चेहरा उतरला. मी मध्ये पडून विजेचं उदाहरण दिलं, तारेला तार लागते तसं. त्यांतल्या सात पाड्यांवर वीजच नव्हती.

तेव्हा मागे बसलेली एक बाई बोलली. चाळिशी ओलांडलेली, ठाकरवाडीतली सुईण. अक्षरओळख नव्हती, पण तिच्या हातून मूल दगावलं असं कुणी सांगत नव्हतं. मी तिला मावशी म्हणायचे. ती म्हणाली, "म्हंजी मोहोळ उठतं तसं. एकाला धक्का बसला का सगळ्या माश्या उठतात. आपण काय करायचं नाय. त्या आपल्या आपण बसतात."

डॉक्टरबाईंनी चित्र उतरवलं ते पुन्हा लावलं नाही. पुढचे सगळे वर्ग मोहोळावरच चालले.

शिकवायला सगळ्यात अवघड गेलं ते काहीही न करणं. फेफरं आलं की चप्पल हुंगवायची, कांदा फोडायचा, दातांत चमचा घालायचा, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आम्ही सांगत होतो की कुशीवर वळवा, आजूबाजूचे दगड बाजूला करा, गळ्यातलं सैल करा आणि जवळ बसून राहा. एक जण जमिनीवर झोपायची, दुसरी तिला वळवायची. नुसतं बसून बघायचं, हे त्यांना पटत नव्हतं. माणूस तडफडत असताना हातात काही नसलेली बाई गावाला वेडी वाटेल, असं एक जण म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. मग डॉक्टरबाईंनी गोळी दाखवली. बारकी पांढरी, रोज झोपताना एक. हिच्याने मोहोळ उठतच नाही. पण एक दिवसही चुकवायची नाही आणि अचानक बंद तर कधीच करायची नाही. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हणवून घेतलं की बायका चहा पितानाही एकमेकींना चिडवायला ते म्हणायच्या.

मावशीने ते मनावर घेतलं. तिच्या पाड्यावरच्या एका घरातली सून वर्षभरापूर्वी माहेरी नेऊन सोडली होती. लग्नानंतर महिन्याच्या आत फेफरं आलं, सासूने भगताकडे नेलं, त्याने तिच्या डाव्या दंडावर डाग दिला, आणि तरीही दोनदा आलं म्हटल्यावर नवऱ्याने तिला डोंगरापलीकडे पोचती केली. मावशी कुणाला न विचारता डोंगर ओलांडून गेली आणि त्या मुलीला घेऊन माझ्या उपकेंद्रात आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. काळीसावळी, अंगाने काटक. खुर्चीवर बसायला सांगितलं तर जमिनीवर बसली आणि दंडावरचा डाग पदराने झाकून घेतला. डॉक्टरबाईंनी पुढच्या फेरीत तिला तपासलं आणि गोळी सुरू केली.

मावशीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने मुलीच्या माहेरच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायला लावल्या. गोळी घेतली की एक उभी रेघ, फेफरं आलं की एक गोळा. पहिल्या महिन्यात दोन गोळे होते. दुसऱ्यात एक. त्यानंतर नुसत्या रेघा. चार महिन्यांनी मावशी मुलीच्या सासरी जाऊन बसली. काय बोलली ते मला माहीत नाही. सलग दोन दिवस जात होती एवढं कळलं. तिसऱ्या दिवशी नवरा स्वतः जाऊन बायकोला घेऊन आला.

डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून आम्ही त्या मुलीला एका वर्गाला बोलावलं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की आधी जळल्याचा वास येतो, मग डावा अंगठा हलायला लागतो, पुढचं आठवत नाही. बायकांनी प्रश्न विचारले. दुखतं का? नाही, नंतर अंग ठणकतं. पडल्यावर आमचं ऐकू येतं का? नाही. मग एकीने विचारलं, आम्ही काय करावं असं तुला वाटतं? ती म्हणाली, "उठल्यावर पहिली तुमची तोंडं दिसतात. तेवढी नीट ठेवा."

आम्ही दिलेल्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा बायकांना हे एक वाक्य लक्षात राहिलं. 

ते दीड वर्ष म्हणजे माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ. पाच पाड्यांवर मिळून अकरा जण गोळीवर होते. मी रविवारी अंबरनाथला घरी गेले की वडिलांना सगळं सांगायचे आणि ते पेपर बाजूला ठेवून ऐकायचे. मोहोळाची गोष्ट त्यांनी शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगितली. बघा, म्हणायचे, कारण कळलं की भगताची गरज राहत नाही.

मग एका वैशाखात डॉक्टरबाईंचं पत्र आलं. संस्थेचा निधी पुढे वाढवून मिळाला नव्हता. त्यांची बदली दुसऱ्या राज्यातल्या एका रुग्णालयात झाली होती. ह्या गोळ्या सरकारी पुरवठ्यात याव्यात म्हणून त्यांनी लिहिलं आहे, तोवर जिल्ह्याच्या ठिकाणी पाठपुरावा कर, असं त्यात होतं. पत्र लांबलचक होतं आणि त्यात तीन ठिकाणी माफी मागितली होती.

मी पाठपुरावा केला. अर्ज दिले, अर्जाची स्मरणपत्रं दिली. केंद्रावरची डॉक्टरची जागा तेव्हा रिकामी होती, त्यामुळे मागणीपत्रावर सही कुणाची घ्यायची हाच प्रश्न होता. जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून वाईट वागला असंही नाही. त्याने यादी काढून दाखवली, यादीत गोळीचं नाव नव्हतं, आणि यादीत नसलेली गोष्ट मागण्याचा फॉर्म त्याच्याकडे नव्हता.

मग उल्हासनगरला गेले. कॅम्प तीनमध्ये औषधांची होलसेल दुकानं होती. ओळखीचा एक सिंधी दुकानदार होता, म्हातारा, माझ्या ट्रेनिंगच्या दिवसांपासून मला ओळखणारा. त्याने चिठ्ठी मागितली. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती, अकरा नावांचा कागद होता. त्याने तो नीट वाचला आणि परत दिला. "बेटा, ये नींद वाली दवा में गिनी जाती है. डॉक्टर की चिट्ठी बिना दूँगा तो मेरा लाइसेन्स जाएगा. एक-एक मरीज की चिट्ठी ला, जितनी बोलेगी उतनी दूँगा." खुर्ची देऊन बसवलं, पाणी दिलं. मी रिकाम्या हाताने बाहेर पडले.

उपकेंद्रात येऊन कपाटातल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि बघत बसले. अकरा जणांना रोज एक दिली तर तीन आठवडे जेमतेम पुरल्या असत्या. अचानक बंद तर कधीच करायची नाही, हे शिकवणारी मीच. विचारायला कुणी नव्हतं. डॉक्टरबाईंचा नवा पत्ता पत्रात नव्हता. दोन दिवस विचार करून मी ठरवलं की ज्यांना अजूनही अधूनमधून फेफरं येतं त्यांची गोळी तशीच ठेवायची, आणि जे वर्षभर चांगले आहेत त्यांना अर्धी करायची. म्हणजे ज्यांचं सगळ्यात चांगलं चाललं होतं त्यांच्याच वाट्याला अर्धी आली. त्या मुलीच्या सासरच्या कुडावर वर्षभरात एकही गोळा नव्हता.

मावशीला बोलावून मी हे समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, पोरीला काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नका. घाबरेल. घाबरली की त्यानेच येईल. नवी गोळी मिळेपर्यंतचाच प्रश्न आहे. मावशी उठली. पुडी पदरात बांधून गेली.

इतकी वर्षं मी त्या वाक्यावर विचार केला आहे. घाबरेल म्हणून सांगू नका. भगत यापेक्षा वेगळं काय करतो?

दरम्यान अंबरनाथमधल्या एका खाजगी डॉक्टरांना मी गाठलं. आमच्या वस्तीत त्यांचा दवाखाना होता. ते चांगले होते. चिठ्ठ्या देतो म्हणाले, पण पेशंट न बघता देणार नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन ये. मी सगळ्या पाड्यांवर निरोप पाठवले. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं काढून चिखलात लावायचे ते पंधरा-वीस दिवस पाड्यावरचं कुणी पाड्यावर नसतं. तरीही त्या रविवारी सात जण आले. मावशीने त्यांना फाट्यापर्यंत आणलं, मी पुढे नेलं. ती मुलगी त्यांत नव्हती. मावशीने सांगितलं की तिच्या सासऱ्याच्या खाचरात त्याच दिवशी आवणी होती आणि ती म्हणाली, मला तर आता काही होत नाही, बाकीच्यांना घेऊन जा, मी पुढच्या खेपेला येते.

सात चिठ्ठ्या मिळाल्या. उल्हासनगरच्या म्हाताऱ्याने शब्द पाळला. मी खूश होते. त्या संध्याकाळी बेलवलीच्या खोलीत मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले, हे मला अजून आठवतं.

ती गेली त्याच आठवड्यात. दुपारची वेळ. खाचरात चार-पाच जणी ओळीने लावत होत्या. ती रोपांची जुडी आणायला बांधापलीकडच्या राबावर गेली. रोपं वाढवतात त्या तुकड्यात घोटाभर पाणी होतं. बाकीच्या पाठमोऱ्या वाकलेल्या. जुडी का येत नाही म्हणून नणंदेने मान वर केली तेव्हा ती पालथी पडलेली होती. पाणी तिच्या कानांपर्यंतही पोचत नव्हतं. कुशीवर वळवायला जवळ कुणी असतं तर बास होतं. पाड्यावरच्या पोरीसोरींनाही ते आता येत होतं.

मी पोचले तेव्हा दुपार उलटली होती. तिला घराच्या ओट्यावर निजवलं होतं. दंडावरचा डाग उघडा पडला होता, तो कुणीतरी झाकावा असं मला वाटत राहिलं, पण मी पुढे झाले नाही. सासू भिंतीला टेकून बसली होती. भगत आधीच येऊन गेला होता. त्याने सांगितलं होतं की त्या राबाजवळ झरा आहे, तिथे आसरांचं ठाणं आहे, पाण्यातल्या बायांनी तिला नेलं. सासरा मला म्हणाला, "तुमच्या गोळीनं पोर बरी झाली व्हती बाय. तुमचा काय दोष नाय. आसरांनी नेलं त्याला कोण काय करणार."

मी मान डोलावली.

मी, जिच्या घरात देव नाही, तिने मान डोलावली. तिथे बोलायला हवं होतं. कशामुळे झालं ते मला माहीत होतं, त्या ओट्यावर ते आणखी एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती, मावशी, खांबाला धरून माझ्याकडे बघत होती. आसरांनी नेलं म्हटल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी हललं, हलकं झालं. ते हलकं होणं मला जाणवलं. मला त्याची जितकी लाज वाटते तितकी कशाचीच नाही.

मावशी आठ दिवसांनी उपकेंद्रात आली. उरलेली पुडी टेबलावर ठेवली. त्यात गोळ्यांचे अर्धे तुकडे होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी सांगितलं होतं.

ती म्हणाली, "तुमी सांगितलं, मी नखानं मोडली. पण तिला कोणीच नाय सांगितलं. तिला कळलं असतं अर्धीच हाय, तर ती आवणी टाकून आली असती. ती घाबरट नव्हती बाय."

मग, रागाने नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "आधी बरं व्हतं. काय माहीत नव्हतं तवा भुतावर जायचं. आता माहीत हाय गोळी असती, आन ती नाय."

मी तिला ह्या कामात थांबा म्हणू शकले नाही आणि जा म्हणायचंही धाडस झालं नाही. ती आपली आपण थांबली. बाकीच्या दहा जणांच्या गोळ्या तिने पुढेही नेल्या, दुसऱ्या सेविकांच्या पाड्यांवरच्याही. पण त्यानंतर प्रत्येकाच्या घरी जाऊन, मोठ्या माणसांना बसवून, पुडीत किती दिवसांच्या आहेत ते ती मोजून दाखवायची आणि पुढचं काही माहीत नाही असं स्पष्ट सांगायची. त्यामुळे दोघं जण घाबरून पुन्हा भगताकडे गेले. त्यांतला एक गोळीवर परत आला. दुसऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. त्याच्या घरची माणसं वीटभट्टीवर गेली आणि पाड्यावर परतलीच नाहीत.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं ते फार उशिरा, ते निवृत्त झाल्यानंतर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं होतं ते धीर देतील किंवा रागावतील. ते म्हणाले, त्या माणसांना जाऊन खरं सांगितलंस का? मी नाही म्हटलं. अजून जाता येईल, ते म्हणाले. मी हो म्हटलं. गेले नाही. तोवर त्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं होतं, मूल होतं. त्यांच्या घरात जाऊन आता ते सांगणं कुणासाठी, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलं नाही, आणि न ठरवता येण्याचा आडोसा मी घेतला.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला पुन्हा एकदा सेविकांच्या प्रशिक्षणावर पाठवलं. ह्या वेळी बदलापुरातल्या एका सभागृहात, पंखे, माइक, छापलेल्या पुस्तिका. विषयांच्या यादीत फेफरं होतं. गोळीही आता सरकारी यादीत आली होती, मात्र कधी मिळायची, कधी नाही. मी मोहोळ सांगितलं, कुशीवर वळवणं करून दाखवलं. शेवटी काही शंका असतील तर विचारा म्हटल्यावर एक तरुण सेविका उभी राहिली. बारावी झालेली, पुस्तिकेत खुणा केलेली. तिने विचारलं, मॅडम, गोळी संपली आणि वरून आलीच नाही तर आम्ही काय करायचं?

पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, सगळ्यात आधी पेशंटला सांगायचं. त्याच दिवशी. लपवायचं नाही.

तिने ते लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "सांगून झाल्यावर?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, अर्ज द्यायचा, पाठपुरावा करायचा, जवळचा डॉक्टर गाठायचा. हे सगळं मी करून बसले होते. ती लिहीत राहिली. मला तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवून सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.